सहा ओव्हर्सचा हट्ट

अहो, रविवारी तुमच्या शोकसभेत सदूभावजींनी तुम्हाला माफ केलं. माइक हातात घेऊन, घसा खाकरून, लंडनजवळच्या स्टॅनमोरहून मुद्दाम बर्मिंगहॅमपर्यंत गाडी हाकत आलेल्या माणसाच्या थाटात. "भास्कर इज नो मोअर," ते म्हणाले, "आणि त्या जुन्या मॅचबद्दल माझ्या मनात आता काहीसुद्धा नाही. आय हॅव फर्गिव्हन हिम." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी पहिल्या रांगेत तुमच्या फोटोसमोर बसले होते, आणि हार घातलेल्या त्या फोटोत तुम्ही नेहमीसारखे गालातल्या गालात हसत होतात. तुम्हाला हसायला काय जातंय? ऐकून घ्यायला मी मागे उरले आहे.

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण लहानपणापासून ऐकत आले. मेल्या म्हशीला माफी मात्र मी पहिल्यांदाच पाहिली. रागावू नका, म्हणीत म्हैसच आहे, त्याला मी काय करू?

तुम्ही कुठे शिकलात, या देशात कसे आलात, किती हाडं जोडलीत, हे सगळं तुमच्या टीममधल्या बंडूने कागदावरून वाचून दाखवलं आणि त्यातही तुमच्या कॉलेजचं नाव चुकवलं. ते मी पुन्हा उगाळत नाही. मला फक्त त्या मॅचबद्दल बोलायचं आहे. इतकी वर्षं तुम्ही बोलू दिलं नाहीत. मूग गिळून बसले. इंग्रज पोरांच्या वर्गावर गणिताच्या तासाला ओरडून ओरडून माझा आवाज कमावलेला, आणि आपल्याच लोकांत मी मुकी. आता मला बोलायची मोकळीक मिळाली आहे. ती कशी मिळाली तेही सांगते, पण क्रमाने.

तुमची ती टीम! टीम कसली, हॉस्पिटलचं कँटीन पांढरे कपडे घालून मैदानावर आलं होतं. कोणी भूल देणारा, कोणी कान-नाक-घशाचा, बंडू दातांचा, सदूभावजी जी.पी. म्हणजे फॅमिली डॉक्टर, तुम्ही हाडांचे, आणि वर कॅप्टन. शनिवारी दुपारी लीगची मॅच असली की आम्ही बायकांनी सकाळपासून चहाची तयारी करायची. ज्यांच्या मैदानावर मॅच त्यांनी दोन्ही टीमना चहा द्यायचा, अशी इकडची रीत. म्हणून काकडीचे सँडविच, आणि आपली लाज राखायला बटाटेवडे. इंग्रज मंडळी वडे फस्त करून जायची आणि मऊ पडलेले सँडविच रविवारी आपल्याला खावे लागायचे. त्या सगळ्या उद्योगात मला कधी काही अर्थ दिसला नाही. चाळिशीतली पोटं सुटलेली माणसं एका चेंडूमागे धावतात, तो हातून सुटला की उन्हाला दोष देतात, आणि बर्मिंगहॅममध्ये ऊन असतं कधी? पण तुम्हाला ते आवडायचं. पॅड बांधताना तुमचा चेहरा शाळा सुटलेल्या मुलासारखा व्हायचा, आणि त्या चेहऱ्यासाठी मी काकड्या चिरत राहिले. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही रविवारीही मॅच ठेवली असतीत.

आणि मग समीर आला. सदूभावजींचा एकुलता एक. त्या उन्हाळ्यात त्याला सोळा पूर्ण झाली होती, उंची अशी की आमच्या दारातून वाकून यायचा, आणि चेंडू असा टाकायचा की समोरचे इंग्रज शेतकरी बॅट पुढे करायच्या आधीच मान वळवून मागच्या यष्ट्या बघायचे. तोवर आपली टीम हरण्यात समाधानी होती. हरायची, वडे खायची, घरी यायची. समीर आल्यावर ती जिंकू लागली आणि माणसं बिघडली. ज्यांना लीगच्या तक्त्यात आपलं नाव शोधायला तळापासून सुरुवात करायची सवय, ते एकदम वरून दुसरे झाले. ऑगस्ट आला तेव्हा लीग जिंकायची शक्यता निर्माण झाली होती. बंडू दवाखान्यात पेशंटच्या तोंडात ड्रिल घालून हिशोब करत असे, हे हरले आणि आपण जिंकलो तर काय.

त्या लीगमध्ये एका माणसाने किती ओव्हर्स टाकाव्यात यावर बंधन नव्हतं. मग काय, एका टोकाने समीर आणि दुसऱ्या टोकाने बाकीचे आळीपाळीने. बाकीचे दमले की बदलायचे. समीरही दमत असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आठवड्यात शाळेची प्रॅक्टिस, संध्याकाळी बापाबरोबर नेट्स, शनिवारी आपली मॅच. सप्टेंबरात काउंटीच्या ज्युनियर टीमची ट्रायल होती आणि सदूभावजींनी मनात पोराला इंग्लंडच्या टीमपर्यंत नेऊन ठेवलं होतं. "माय बॉय इज अ मशीन, वहिनी," असं मला अभिमानाने सांगायचे. मी म्हटलं होतं, "भावजी, मशीनलासुद्धा तेल घालायला बंद करतात." हसले. मला वाटतं त्यांना तो विनोद वाटला.

आता तुमच्या त्या विद्वानांची खरी करामत ऐका. तुम्हाला माहीतच आहे, पण लिहायला मजा येते. समीरने चहाच्या वेळी, तुम्ही बॅटिंगला जायला पॅड बांधत असताना, म्हणे सांगितलं होतं, पाठ थोडी दुखते. मैदानावर डॉक्टरांना तोटा नव्हता. एकाने गाडीच्या डिकीतून पेनकिलर काढून दिली. एकाने शर्टावरूनच दाबून बघितलं आणि "ग्रोइंग पेन्स" म्हणून वड्याला हात घातला. बंडूने, दातांच्या डॉक्टरने, गार स्प्रे मारला. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने नीट बघितलं असेल. सात सुगरणी आणि भाजी अळणी. आपल्या लोकांचं इथे हे असंच आहे. घरोघरी डॉक्टर, त्यामुळे डॉक्टरकडे कोणी जात नाही. कोणाच्या मुलाला ताप आला की पूजेला जमलेल्या चौघांनी गळा बघायचा, आणि पोराचं नाव कुठल्याच डॉक्टरच्या यादीत नाही. गिरणीत काम करणाऱ्या इंग्रजाचा मुलगा असता तर सदूभावजींनीच त्याला हॉस्पिटलात पाठवला असता आणि शाळेला रजेची चिठ्ठी दिली असती. आपला तो बाळ्या म्हणतात ना, तसं नव्हतं. आपला बाळ्या यांना दिसलाच नाही.

मॅचनंतर तो तुमच्याकडे आला तो शनिवार मला नीट आठवतो. ऊन उतरलं होतं, तुम्ही टोमॅटोंना पाणी घालत होतात. सायकल भिंतीला टेकवून तो किचनमध्ये आला आणि खुर्चीवर बसेना. तुम्ही पाइप टाकून आत आलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "शर्ट काढ." बस्स. त्या सगळ्या गोतावळ्यात त्याला शर्ट काढायला सांगणारे तुम्ही पहिले. एका पायावर उभं राहून मागे वाकायला लावलंत. एका बाजूला काही झालं नाही. दुसऱ्या बाजूला पोराचा चेहरा असा पांढरा पडला की मी गॅस बंद केला.

तुम्ही म्हणालात, कंबरेच्या मणक्याच्या हाडाला बारीक चीर जाऊ घातली असणार, या वयात फास्ट बोलर्सना होतं. पुढच्या आठवड्यात गुपचूप एक्स-रे काढलात. त्यात काही दिसलं नाही. पण तुमचं म्हणणं होतं, एक्स-रेत दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. चेंडूला हात लावायचा नाही, उरलेला अख्खा सीझन. तेव्हा तो रडला. "काका, बाबाला नाही सांगायचा. प्लीज. मी स्टॉप केला तर ते विचारणार व्हाय. मग ही विल जस्ट फिक्स इट. तुम्हाला माहीत नाही, ही ऑलवेज फिक्सेस इट. आणि ट्रायल गेली."

आणि तुम्ही तडजोड केलीत. मॅचमध्ये सहा ओव्हर्स, त्याही सुरुवातीला. नेट्स बंद, बापाला सांगायचं शाळेचा अभ्यास आहे. ट्रायल झाली की सगळा हिवाळा पूर्ण विश्रांती. मध्ये दुखणं वाढलं तर त्याच दिवशी सगळं बंद, आणि बापाला तुम्ही स्वतः सांगणार. तो कबूल झाला. मग तुम्ही त्याला म्हणालात, "तू सोळा वर्षांचा आहेस. एरवी तू हो म्हटल्याशिवाय हे माझ्या तोंडून कुठे जाणार नाही." आणि माझ्याकडे वळून, "हिच्याही नाही."

माझं मत कोणी विचारलं होतं?

तो गेल्यावर आपलं जे भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हटलं, हा कसला पेशंट, सदूभावजींचं पोर आहे, आपल्या अंगाखांद्यावर वाढलेलं, बापाला सांगायला नको? तुम्ही म्हणालात, "सोळा पूर्ण झाली. आपलं दुखणं कोणाला सांगायचं ते कायद्याने त्यानेच ठरवायचं." कायदा! इंग्रजांचा कायदा तुम्ही देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा सांभाळायचात. मी म्हटलं, हा कायदा घर सोडून गेलेल्या मुलांसाठी असेल, आपल्याकडे सोळा वर्षांचा मुलगा आईला विचारून मोजे बदलतो. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच." मी म्हटलं, आणि तुमची ही तडजोड, ना धड डॉक्टरची ना धड कॅप्टनची! थांबवायचं तर पूर्ण थांबवा, खेळवायचं तर खेळवा. तुम्ही उठून बागेतला पाइप गुंडाळून आलात. मग म्हणालात, "पूर्ण थांबवला तर तो उद्या दुसऱ्या टीमकडून खेळेल, आणि तिथे त्याला कोणी मोजणार नाही." मी भांडी घासायला घेतली आणि ती नेहमीपेक्षा जोरात आपटली.

पुढच्या मॅचेसमध्ये तुम्ही समीरला सहा ओव्हर्स देऊन बाजूला केलंत. सुरुवातीला टीमला वाटलं काहीतरी डावपेच असावा. जिंकत होते तोवर "मास्टरस्ट्रोक" म्हणत होते. मग एक मॅच कशीबशी वाचली आणि कुजबुज सुरू झाली. सदूभावजींनी घरी येऊन विचारलं, "भास्कर, व्हॉट्स युअर प्रॉब्लेम? पोरगा फिट आहे. मी त्याचा फादर आहे आणि डॉक्टरही आहे." तुम्ही म्हणालात, "कॅप्टन मी आहे." एवढंच. अहो, खोटं तरी धड बोलायचं! तरुण बोलरला जपावं लागतं, असं चार वाक्यांत पटवून देता आलं असतं. पण तुम्हाला वाटलं, पाठ हा शब्द तोंडून निघाला तर बाप सरळ जाऊन पोराला विचारेल. म्हणून तुम्ही हट्टी, खडूस, अहंकारी ठरणं पत्करलंत. तुमच्या स्वभावाला ते फार जड गेलं नाही, हेही खरंच.

शेवटची मॅच. जिंकलो तर लीग आपली. समोर कुठल्याशा खेड्याची टीम, त्यांच्यात एक खाटीक आणि एक बसड्रायव्हर. आपण बऱ्यापैकी रन्स काढल्या. समीरने सुरुवातीलाच त्यांचे चौघे उडवले, सहा ओव्हर्स झाल्या, आणि तुम्ही चेंडू काढून घेतलात. मग आपले कान-नाक-घसा आणि भूल यांनी मिळून त्यांना हळूहळू परत उभं केलं. शेवटी त्यांची शेवटची जोडी आणि थोड्याशा रन्स उरल्या. तंबूत आम्ही बायकासुद्धा किटलीशी उभ्या राहून बघत होतो. स्लिपमधून सदूभावजी ओरडले, "समीरला बॉल दे!" मग बंडू, मग सगळेच. समीरची आई, नलिनीवहिनी, माझ्या शेजारून ओरडल्या, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू चेंडू मीच पदराखाली लपवला आहे.

समीर सीमेवर उभा होता. त्याने चेंडूसाठी हात पुढे केला. हो, केला, मी पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. ठरल्याची आठवण त्याला त्या क्षणी नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं, सोळा वर्षांचा होता तो. तुम्हीच म्हणालात, "त्याच्या झाल्या. बंडू, घे."

बंडूचा चेंडू! तो निघाल्यापासून पोचेपर्यंत माणूस चहाचा घोट घेऊ शकेल. खाटकाने तो कुंपणापलीकडच्या झुडपात भिरकावला आणि मॅच संपली. बंडू आजही सांगतो की वारा उलटा होता.

सदूभावजींनी टोपी गवतावर आपटली. "यू हॅव रुइन्ड माय सन!" सगळ्यांसमोर. इंग्रज मंडळी बिचारी दुसरीकडे बघू लागली. आणि समीर तिथेच, हाताच्या अंतरावर, बुटाने गवत उकरत. मी गाडीत पातेली भरताना तुम्हाला म्हटलं, "बघा तुमचा पेशंट." तुम्ही म्हणालात, "लहान आहे गं." लहान! बापापासून लपवायला सोळा पूर्ण, आणि तुमची अब्रू वाचवायला लहान.

ट्रायलला तो गेला. निवडला गेला नाही. सदूभावजींनी गावभर सांगितलं, भास्करने त्याला बसवून गंजवला. ते खोटं होतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. तिथे आलेली बाकीची पोरं सगळा उन्हाळा चेंडू टाकून आली होती. तुम्हीही कधी म्हणाला नाहीत की त्याचं त्यात काही गेलं नाही. विषय निघाला की उठून बागेत जायचात. त्या एका गोष्टीपायी टोमॅटोंना नको इतकं पाणी मिळालं.

मग आपल्या सुसंस्कृत मंडळींनी आपला समाचार घेतला. गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षी आरतीचं तबक आधी तुमच्या हातात यायचं. त्या वर्षी ते सगळीकडे फिरलं, फक्त तुमच्यापर्यंत पोचेना. जेवणाच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर, सहा पुऱ्या झाल्या, आता बास!" सगळे खो खो हसले. तुम्हीही हसलात. माझ्या हातात गरम आमटीचं भांडं होतं आणि ते मी कोणाच्या मांडीवर सांडलं नाही, एवढीच माझ्या आयुष्यातली साधना. हिवाळ्यात मीटिंग घेऊन त्यांनी तुमची कॅप्टनशिप काढली. बंडूला कॅप्टन केलं. बंडूला! पुढच्या सीझनला टीम तक्त्याच्या तळाला परत जाऊन सुखाने बसली.

समीर शिकायला लंडनला गेला. सदूभावजी इथली प्रॅक्टिस सोडून स्टॅनमोरला गेले. आणि तुम्ही त्यांच्याकडच्या कोणी भेटलं की विचारत राहिलात, "समीर काय म्हणतो?" लोकांना वाटायचं, म्हातारा पश्चात्तापाने विचारतोय. मला माहीत होतं तुम्ही मणक्याबद्दल विचारताय. ते लग्नात विचारलंत, बारशात विचारलंत, एकदा तर कोणाच्या तेराव्याला विचारलंत. एक फोन करायला काय झालं होतं त्या पोराला? नोकरी लागली, मेडनहेडला कॉम्प्युटरच्या कंपनीत, लग्न झालं, पत्रिका आली. पत्रिकेत पाठीची बातमी नसते. मी चिडले की तुम्ही म्हणायचात, "बरा असेल. पेशंट परत आला नाही म्हणजे बरा झाला." मी म्हणायची, "किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेला." मग तुम्ही पेपर वर धरायचात.

सकाळी अजून दोघांचा चहा टाकते. टाकून झाल्यावर लक्षात येतं, मग दोन्ही कप मीच पिते आणि तुमच्यावर चिडते. एवढी काय घाई होती जायची? सांगायचं राहिलेलं कितीतरी होतं, त्यातलं निम्मं भांडण होतं, पण तुमच्याशी भांडणं हाच माझा दिवसाचा गोड वेळ होता. आता भिंतीशी भांडून बघितलं. भिंत पेपर वर धरत नाही.

तर, शोकसभा. सदूभावजींनी माफी दिल्यावर बंडूने माइक माझ्यापुढे आणला. "वहिनी, अ फ्यू वर्ड्स?" त्यांना हवं होतं की मी रडावं. मी उभी राहिले. समीर मागच्या रांगेत बसला होता, मांडीवर छोटी मुलगी, आणि चेहरा गोरामोरा. अहो, शब्द माझ्या ओठांवर होते. तुम्ही नव्हतात, वचन तुम्ही घेतलं होतंत, मेलेल्या माणसाचं वचन किती पाळायचं? एका वाक्यात त्या सगळ्या हॉलला खाली मान घालायला लावलं असतं. आणि तुम्ही त्या फोटोतून हसत होतात.

मी एवढंच म्हटलं, "ह्यांनी ती मॅच हरवली. चुकून नाही, मुद्दाम, समजून उमजून. आज ते असते आणि तीच मॅच पुन्हा असती, तर पुन्हा हरवली असती. भावजी, माफी परत न्या. ह्यांनी ती मागितली नव्हती." आणि खाली बसले. मग चहाच्या मशीनकडे गर्दी झाली. आपल्या लोकांना शरमेवर चहाइतका जालीम उपाय सापडलेला नाही.

कार पार्कमध्ये मी मसालेभाताचं मोठं पातेलं गाडीत घालायला धडपडत होते, तर मागून कोणीतरी ते उचललं. समीर. त्याने ते एकट्याने उचललं, आत ठेवलं, सरळ झाला आणि तिथेच उभा राहून रडू लागला. "काकू, मी सांगणार होतो. एव्हरी इयर आय थॉट, धिस इयर. मग काका गेलाच."

माझ्या जिभेवर काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. भित्रा कुठला, तुझ्यासाठी एका माणसाने उरलेलं आयुष्य टोमणे खाल्ले, आणि तू येतोस कधी, तर पातेलं उचलायला. त्यातलं बरंचसं मी बोललेही. त्याची मुलगी गाडीच्या काचेतून आमच्याकडे बघत होती. मग माझंच अवसान गळालं आणि मी विचारलं, "पाठ?"

"फाइन, काकू. त्या विंटरला मी काहीच नाही केला. काका बोलला होता तसाच, एव्हरीथिंग स्टॉप. स्प्रिंगला पेन गेली. नंतर कधीच नाही आली."

तर ऐका. पाठ बरी आहे. पेशंट परत आला नाही कारण तो बरा झाला होता. एकदा तरी तुमचं सूत्र खरं ठरलं.

"बाबांना मी आज सांगणार, कारमध्ये," तो म्हणाला. "आणि तुम्ही पण सांगा, काकू. कोणाला पण. लिहा, बोला, व्हॉटेव्हर यू वॉन्ट." मोठा आला परवानगी देणारा! पण मी घेतली. तुमच्या नियमाप्रमाणे ती त्याचीच होती द्यायला.

त्याने खरंच सांगितलं असावं, कारण सोमवारी सदूभावजींचा फोन आला. आवाज खाली गेलेला होता. मी खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, आणि मला त्याचं सांत्वन करावं लागेल, आणि ते करायची माझी तयारीही होती, अहो. इतक्या वर्षांनी का होईना. मी म्हटलं, "बोला भावजी."

"वहिनी," ते म्हणाले, "भास्करने मला एक वर्ड तरी सांगायला पाहिजे होता. फक्त एक वर्ड. मी त्याला कॉर्टिझोनचं एक इंजेक्शन दिलं असतं. पेन गॉन. पोरगा वीस ओव्हर्स टाकू शकला असता आणि लीग आपली होती."

मी फोन खाली ठेवला. त्यांचं बोलणं चालूच होतं.

बापाला सांगायला हवं होतं, म्हणून मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले. त्या किचनमध्ये, गाडीत, तुमच्या आजारपणातसुद्धा. बापाला काय सुचेल, दुखणं सुईने दाबून त्याच पाठीवर चेंडू टाकायला लावणं, ते सोळा वर्षांच्या पोराला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत होतं. मला सोमवारी कळलं. तुमचं बरोबर होतं. हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडून ऐकायला हवं होतंत.